जीवविज्ञानात पीएच.डी.: पाच वर्षांचा हिशेब

एम.एस्सी. झालेल्या मुलीला वा मुलाला आणखी पाच वर्षं कोण पोसणार, हा नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या घराघरांतला प्रश्न रास्त आहे; पण आकडे वेगळं सांगतात. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जीवविज्ञानात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली, तर जानेवारी २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि मूल्यमापनानंतर पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये मिळतात. पाच वर्षांचे २४ लाख झाले, घरभाडेभत्ता वेगळा. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’ परीक्षा हा दुसरा मार्ग. त्यामुळे संशोधन हे लांबलेलं शिक्षण नसून मानधनाचं काम ठरतं.

स्पर्धा तीव्र आहे, हा आक्षेप खरा. मात्र जेआरएफ हुकली म्हणजे सगळं संपलं, असं नाही: बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या नोंदणीकृत संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. ती हप्त्यानं, कधी उशिरा येते. म्हणून थोडी शिल्लक हवीच. अंतराची अडचणही वाटते तेवढी नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जीवशास्त्र संकुल आहे, आणि सीसीएमबी या जीवविज्ञान संशोधन संस्थेचं हैदराबाद उमरीला पुण्यापेक्षा जवळ आहे. अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शकाकडे जागा आणि निधी आहे का, एवढं विचारावं.