हुजूर, मजूर आणि आपली पदरमोड

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, कनकपुरा रस्त्यावरील ज्या देवीच्या नावाने बनशंकरी ही विस्तीर्ण वसाहत टप्प्याटप्प्याने वाढली, तिच्या दर्शनास मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळी लिंबाचे दिवे घेऊन येणाऱ्या भाविकांत मराठी बोलणारी मंडळीही असतात. आणि त्याच मंडळींच्या दिवाणखान्यांत अलीकडे ब्रिटनमधील हुजूर आणि मजूर या दोन पक्षांच्या अर्थनीतीवर मोठ्या हिरिरीने वाद झडतात. त्यास सबळ कारणे आहेत. शेजारच्या जयनगरात वास्तव्य असलेल्या नारायण मूर्ती आणि सुधा मूर्ती यांचे जावई ऋषी सुनक २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान झाले, ही गोष्ट परिसराला घरच्या कार्यासारखी वाटली; शिवाय कोणाचा मुलगा माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपनीतर्फे लंडनला, तर कोणाची सून रुग्णालयाच्या नोकरीनिमित्त लीड्सला असल्याने तेथील अंदाजपत्रकाची झळ येथील घरखर्चापर्यंत पोहोचते. एक पक्ष म्हणतो, हुजूर हे उद्योगाचे कैवारी, तेच आपल्या मुलांना मानवणारे. दुसरा म्हणतो, स्वातंत्र्य मजुरांच्या राजवटीत मिळाले, तेव्हा भारताचे स्नेही तेच.

हा वाद नवा नाही. गेली दीडशे वर्षे मराठी विचारवंतांनी तो कागदोपत्री, आकडे मांडून आणि प्रसंगी तुरुंगवास सोसून घातला आहे. त्या परंपरेने शोधून काढलेली कसोटी मात्र आजच्या वादात क्वचितच ऐकू येते. ब्रिटनमध्ये कोणता पक्ष सत्तेवर आहे, यापेक्षा त्या पक्षाला ज्याच्या मतांची आणि पैशाची गरज आहे तो कोण, आणि घेतलेल्या निर्णयाचा भार ज्याला तेथे मत नाही अशा कोणाच्या माथी पडतो, हे आधी पाहावे, ही ती कसोटी होय.

तिचा पहिला दाखला बनशंकरीच्याच भूमीत आहे. आज जेथे हे टप्पे वसले आहेत तो सारा मुलूख म्हैसूर दरबाराचा. १८३१ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी राजाकडून कारभार काढून घेतला, तेव्हा लंडनमध्ये, मजुरांच्या उदयापूर्वी हुजुरांचे प्रतिस्पर्धी असलेल्या उदारमतवाद्यांचे पूर्वज, व्हिग सत्तेवर होते. राजाने घेतलेला दत्तक मान्य करून राज्य परत करण्याचे वचन १८६७ मध्ये दिले ते सर स्टॅफर्ड नॉर्थकोट या हुजूर भारतमंत्र्याने. ते वचन २५ मार्च १८८१ रोजी अमलात आले, तेव्हा ग्लॅडस्टन यांचे उदारमतवादी मंत्रिमंडळ होते आणि रिपनसारखा सहृदय व्हाइसरॉय होता. परंतु त्याच हस्तांतरणाच्या दस्तऐवजाने म्हैसूरची वार्षिक खंडणी साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाख रुपये केली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने कंगाल झालेल्या संस्थानास ही वाढ तत्काळ देणे अशक्य असल्याने वसुली पुढे ढकलावी लागली, आणि १८९६ पासून पूर्ण रक्कम मोजावी लागली. वाढवलेले साडेदहा लाख माफ झाले ते १९२७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या घोषणेने. आयर्विन आणि त्यांना नेमणारे मंत्रिमंडळ, दोन्ही हुजूर पक्षाची. औदार्याच्या पक्षाने बोजा वाढवला आणि साम्राज्याभिमानी पक्षाने तो उतरवला. या हिशेबात पक्षाच्या ध्वजावरून रयतेच्या वाट्याचे अनुमान कोणालाही करता आले नसते.

पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने आणि १८७८ पासून निघालेल्या तिच्या त्रैमासिकाने अशा अनुमानाऐवजी हिशेब तपासण्याची सवय लावली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सर्वकाळ लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. सोलापूरचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी सरकारी अहवालांतील कोष्टके उकलून रानडे-गोखल्यांना आकड्यांची शिदोरी पुरवीत. याच पुण्यात अभियांत्रिकी शिकून मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, तेव्हा या मंडळींचा औद्योगिक स्वावलंबनाचा ध्यास बंगळूरच्या कारभारात उतरला.

या अभ्यासकांपुढे कापडाच्या जकातीचे प्रकरण उभे राहिले, आणि ब्रिटिश पक्षभेदाची जेवढी कठोर परीक्षा त्यात झाली तेवढी अन्यत्र क्वचितच झाली असेल. आयात कापडावरील जकात उठवावी असा ठराव हाउस ऑफ कॉमन्सने १८७७ मध्ये केला, तेव्हा हुजूर पक्ष सत्तेत होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७९ मध्ये आपल्या कौन्सिलाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात माफ केली. उरलेली १८८२ मध्ये उठवली ती रिपन यांच्या कारकिर्दीत. रुपयाच्या घसरणीने तिजोरी रिती झाली म्हणून १८९४ मध्ये पाच टक्के जकात पुन्हा बसवावी लागली, तेव्हा उदारमतवादी भारतमंत्री फाउलर यांनी वीस नंबरावरील हिंदी सुतावर तितकाच उत्पादनकर लादला. मुंबईच्या गिरण्यांत प्रामुख्याने जाडे सूत निघे आणि लँकेशायर या इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या परगण्याचा माल बारीक सुताचा असे. तेव्हा स्पर्धा नाममात्र असतानाही समतोलाचे निमित्त पुढे करण्यात आले. दोन वर्षांनी हुजूर भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या काळात सूत मोकळे झाले. पण आयात कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आणून हिंदी गिरण्यांतील प्रत्येक विणलेल्या थानावर तेवढाच कर बसवण्यात आला. परिणामी ज्या जाड्या धोतराशी लँकेशायरची चढाओढच नव्हती, ते नेसणारा शेतकरी लँकेशायरच्या समाधानासाठी कर भरू लागला. हा कर १९२५ च्या डिसेंबरात तहकूब आणि पुढच्या वर्षी रद्द झाला. मधल्या काळात दोन्ही पक्ष सत्तेवर येऊन गेले. लँकेशायरचे मतदारसंघ मात्र दोघांनाही हवे होते.

अशा अनुभवातूनही गोखल्यांचा उदारमतवाद्यांवरील विश्वास टिकला, तो भाबडेपणाने नव्हे. १८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना आणि २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, तिजोरीतील शिल्लक ही प्रजेच्या सुस्थितीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक करवसुलीची खूण आहे. मणाला अडीच रुपये असलेला मिठाचा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला; पहिल्या दोन कपाती हुजूर राजवटीत आणि तिसरी उदारमतवादी राजवटीत झाली. सातत्य होते ते या मांडणीच्या रेट्यात. परंतु १९०५ च्या अखेरीस भारतमंत्री झालेल्या जॉन मोर्ले यांच्याकडून गोखल्यांनी जी आशा धरली होती तिला तडा गेला. ग्लॅडस्टनच्या या चरित्रकाराने वंगभंग कायम राखला, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठवण्यात आले.

टिळकांनी यावर वेगळा मार्ग काढला. १९१६ मध्ये बेळगावास स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विलायतेत मजूर पक्षाशी संधान बांधले होते. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यानिमित्त १९१८ च्या अखेरीस लंडनला गेलेल्या टिळकांनी त्या पक्षास दोन हजार पौंडांची देणगी दिली. स्वतः खटल्याच्या खर्चाच्या ओझ्याखाली असताना दिलेली ही रक्कम ज्या पक्षाला मिळाली, त्याने तोवर एकदाही मंत्रिमंडळ बनवले नव्हते. टिळकांचा हिशेब स्पष्ट होता: उद्याच्या सत्ताधाऱ्यास आज त्याच्या गरजेच्या वेळी जोडून घ्यावे. १९२४ मध्ये मजुरांचे पहिले मंत्रिमंडळ आले, तेव्हा त्याच वर्षी बंगालात विनाचौकशी स्थानबद्धतेचा वटहुकूम निघाला. आणि तरीही १९४७ मध्ये सत्तांतर घडवून आणले ते मजूर मंत्रिमंडळानेच. टिळकांची ठेव बुडाली असे म्हणता येत नाही, आणि ती वेळेवर फळली असेही म्हणता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कसोटीला तिची सर्वांत धारदार बाजू दिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सिद्ध केलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ च्या डिसेंबरात त्यांनी चलनाच्या प्रश्नावरील हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली. विनिमयाचा दर सोळा पेन्स असावा की अठरा, या वादात एका बाजूस भारत सरकार आणि दुसऱ्या बाजूस मुंबईचे व्यापारी उभे असताना आंबेडकरांनी तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवले. रुपया स्वस्त झाल्याने निर्यातदारास होणारा नफा महागाईच्या वाटेने मजुराच्या वेतनातून येतो, ही त्यांची मांडणी राष्ट्रहिताच्या सरसकट भाषेला आव्हान देणारी होती. भार कोणाच्या माथी, हा प्रश्न त्यांनी देशांच्या सीमेवर न थांबवता देशाच्या आत आणला.

युद्धानंतर तोच प्रश्न उलट दिशेने विचारण्याची पाळी ब्रिटनवर आली. युद्धखर्चापोटी भारताचे सुमारे एकशे तीस कोटी पौंड लंडनमध्ये जमा झाले होते. युद्धकाळात चर्चिल यांनी त्यावर प्रतिदाव्याची भाषा केली, आणि मजूर मंत्रिमंडळाचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनीही हे देणे घटवले पाहिजे अशी भूमिका घेतली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी वाटाघाटींत भारताचा हक्क संयमाने लावून धरला, आणि अखेर मुद्दल कापले गेले नाही. ऋणको म्हणून ब्रिटनचे दोन्ही पक्ष एकाच सुरात बोलले, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता वर्तमानाकडे वळू. २३ सप्टेंबर २०२२ रोजी लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात भरपाईची तरतूद न दाखवता जाहीर केली. पौंड कोसळला, सरकारी रोखे विकले जाऊ लागले आणि बँक ऑफ इंग्लंडला ते विकत घेण्यास धावावे लागले. सुनक यांनी त्याच उन्हाळ्यात अशा कपातीविरुद्ध इशारा दिला होता, आणि जयनगर-बनशंकरीत त्याचे कौतुक योग्यच झाले. पण घरकर्जाचे वाढीव हप्ते फेडणाऱ्यांत येथून गेलेली मुलेही होती. सुनक यांच्या काळातच, एप्रिल २०२४ मध्ये, कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारी वेतनमर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली. परदेशी नोकरदाराकडून दरवर्षी घेतला जाणारा आरोग्य अधिभार ६२४ पौंडांवरून १,०३५ झाला. जुलै २०२४ मध्ये ४११ जागा जिंकून मजूर पक्ष सत्तेवर आला; अधिभार कायम राहिला आणि जुलै २०२५ मध्ये वेतनमर्यादा ४१,७०० पौंडांपर्यंत चढली. स्थलांतराविषयी साशंक झालेला मतदार दोन्ही पक्षांना हवा आहे. जुन्या लँकेशायरची जागा आता त्याने घेतली आहे.

व्यापार कराराची कथाही याच साच्यातली. जानेवारी २०२२ मध्ये वाटाघाटी सुरू केल्या हुजूर सरकारने, आणि त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत करार होईल असे बोरिस जॉन्सन यांनी सांगितले. सही झाली २४ जुलै २०२५ रोजी, मजूर पंतप्रधान कीर स्टार्मर यांच्या उपस्थितीत. तात्पुरत्या कामावर ब्रिटनमध्ये पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्याने तीन वर्षांपर्यंत दोन्हीकडे सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये, ही त्यासोबतची तरतूद बंगळूरच्या कंपन्यांना जिव्हाळ्याची आहे. कारण परत येणाऱ्याला तेथे भरलेल्या वर्गणीचा लाभ सहसा मिळत नाही. ज्या पक्षाने बोलणी आरंभली त्याच्याच नेत्या केमी बेडनॉक यांनी विरोधी बाकांवरून या तरतुदीवर कडाडून टीका केली. पक्ष तोच, भारत तोच; बदलली ती त्या पक्षाची सभागृहातील जागा.

तर मग पक्षभेद निरर्थक आहे काय? तसे मुळीच नाही. मिठाचा कर घटला, म्हैसूरची वाढीव खंडणी माफ झाली, सत्तांतर झाले, आणि या प्रत्येक प्रसंगी कोणी तरी पक्षांतील फट अचूक हेरून तीत पाचर मारली होती. रानडे, जोशी, गोखले, टिळक, आंबेडकर आणि देशमुख यांच्यात मतभेद पराकोटीचे होते. परंतु दुसऱ्याच्या पक्षाचे उपरणे आपल्या खांद्यावर घेऊन मिरवण्याचा मोह त्यांच्यापैकी कोणालाही झाला नाही. बनशंकरीतील वादाने तेवढी उंची गाठावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ब्रिटनचे अंदाजपत्रक हाती येईल तेव्हा हुजूर की मजूर हे विचारण्याआधी, कर कोणावर बसला, कोणाच्या दडपणाने बसला आणि ज्याला मत नाही त्याच्याकडून किती घेतले, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि हे प्रश्न विचारण्याची सवय एकदा जडली, की बंगळूरच्या विधानसौधातील, मुंबईच्या विधानभवनातील आणि दिल्लीच्या संसदेतील अंदाजपत्रकांनाही तेच प्रश्न विचारावेत; कारण मत नसलेला करदाता केवळ लंडनच्या अंदाजपत्रकांखालीच दबला असे नाही, बनशंकरीच्या नव्या इमारतींवर विटा वाहणारा परप्रांतीय मजूरही तोच आहे.