आजोबांच्या वडिलांचं नाव काय?



रोवणी आटोपली. धान निसवायला अजून अवकाश आहे. एरवी मी आपल्याशी करपा, तुडतुडे आणि खताच्या हप्त्यांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे. आपल्या आजोबांच्या वडिलांचं नाव आपल्याला सांगता येईल काय? आणि त्यांच्या वडिलांचं? बहुतेकांची गाडी इथंच अडते.

आमगाव तालुक्यातल्या एका टोलीवरचे शेतकरी मला भेटले. मुलीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडील शाळेत गेलेच नव्हते, म्हणून शाळेचा दाखला नाही. गावच्या नोंदी महिनाभर धुंडाळल्या, नाव मिळेना. शेवटी घरातली म्हातारी आत्या म्हणाली, "बाबू, तुझ्या बापाचा जन्म इथला नाही. आमच्या मामाच्या गावचा आहे." पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं! त्या गावच्या कोतवाल पंजीत नाव निघालं. आत्या नसती तर? विचार करा.

कोतवाल पंजी म्हणजे काय?

आपला भाग जुन्या मध्यप्रांतातला. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल त्याची खबर द्यायचा आणि पंजीत नोंद व्हायची. बापाचं नाव, जात, गाव, तारीख अशी ती नोंद असे. इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक गावच्या चर्चला बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम झाला. आज तिथले लोक त्या वह्यांवरून आपली घराणी शोधतात. आपल्याकडची तशी वही म्हणजे ही पंजी. फरक एवढाच की आपण तिच्याकडे फक्त दाखल्याच्या वेळी धावतो.

आणखी कुठं शोधाल?

जमिनीसाठी बंदोबस्त मिसल, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि फेरफार पंजी बघा. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. तेच आपले मामा तलाव. पण चराईचे, जळाऊ लाकडाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असतात. पाणी, वाट, मासेमारी यांचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये सापडतात. तलावाच्या पाण्यावरून दरसाल भांडणं होतात, पण हा कागद उघडून बघणारे किती? सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनी याची नक्कल दप्तरी ठेवावीच.

सालेकसा, देवरीकडच्या बांधवांसाठी तर हा पोटाचा प्रश्न आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गावच्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही तिथं पुरावा धरतात. म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण हासुद्धा दस्तऐवजच आहे, फक्त तो लिहून घ्यायला हवा.

भवभूतीनं लिहून ठेवलं

हे काम आपल्या मातीला नवं नाही. आठव्या शतकातल्या भवभूतीनं आपल्या नाटकाच्या सुरुवातीलाच गाव पद्मपूर, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ आणि आई जातुकर्णी अशी ओळख दिली. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं आपलं पदमपूर, असं मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. बघा, त्यानं आईचंही नाव लिहिलं. आपल्या वंशावळीत मात्र बायकांची नावं गळतात. मुलींची नावं गाळली की वारसाच्या फेरफारात तंटे होतात. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे विसरू नका.

एवढं करा

शंभर पानांची एक वही आणा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. म्हातारी असेल तर आधी तिच्याजवळ. कोण कुठून आलं, आजीचं माहेर कोणतं, बांधी कोणी पाडली, बोडी कोणी खोदली ते विचारा आणि सांगतील तसं लिहा. मग कागदाशी ताडून बघा. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, खोडू नका. जुनी नोंद मोडीत असेल तर वाचणारा शोधा. नक्कल रीतसर अर्ज करून घ्या. मूळ कागद देवघराच्या कोनाड्यात नको, तिथं वाळवी लागते; पत्र्याच्या पेटीत ठेवा.

बियाण्याचं धान आपण वेगळं काढून जपतो, कारण ते गेलं तर पुढलं पीक नाही. घराण्याची माहितीही तशीच आहे. ती ज्यांच्याजवळ आहे ती माणसं पिकली पानं आहेत. धान कापणीला येईपर्यंत ही वही भरायला घ्या.