नवोदयचा पहिला दिवस

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी अशा या पट्ट्यातल्या हुशार लेकरांचं मोठं स्वप्न म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. देशातली पहिली दोन नवोदयं 1985-86 मध्ये सुरू झाली. त्यातलं एक शेजारच्या अमरावतीत.

प्रवेश सहावीत. दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले निम्मे मानसिक क्षमतेचे. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, हे दहा-अकरा वर्षांच्या पोराने झरझर ओळखायचं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना.

खरी परीक्षा मात्र पहिल्या दिवशी. पत्र्याची पेटी पलंगाखाली सरकवून आई-बाबा बसस्टँडकडे वळतात आणि गळा दाटून येतो. अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी यांपैकी एक सदन मिळतं. पहाटे पीटी, दिवसभर हजेऱ्या, आपलं ताट आपणच घासायचं. एवढ्याशा जिवाला हे सोपं नाही. पहिल्या महिन्यात रडणाऱ्या पोराला कुणी भित्रं म्हणू नये. पुढे नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात जावं लागतं.

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. अर्जालाही पैसे लागत नाहीत. पण सहावीची परीक्षा एकदाच देता येते, तेव्हा घरात पाचवीतलं लेकरू असेल तर अर्जाची तारीख चुकवू नका.