छातीशी धरलेला चेंडू
लेखमाला : सरावाचं मैदान • लेखांक ७

२००३च्या मोसमात न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर चेंडू घेऊन पळू लागला की घरच्या प्रेक्षकांना एकाच वेळी हुरूप यायचा आणि धडकीही भरायची. त्या मोसमात त्याने १,२१६ यार्ड धाव घेतली आणि ९ वेळा चेंडू हातातून घालवला. त्याआधीच्या तीन मोसमांतले आकडे ९, ८ आणि ९. चार वर्षांत ३५ वेळा. निसटलेला प्रत्येक चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागला असं नाही, पण एवढा गुणी खेळाडू हातातला चेंडू सांभाळू शकत नाही, ही गोष्ट त्याच्या नावाला चिकटली ती चिकटलीच.

दोन वर्षांनी, २००५मध्ये, हाच बार्बर ३५७ वेळा चेंडू घेऊन धावला, वर ५४ पास झेलले, नुसतं धावून १,८६० यार्डांची मजल मारली. अख्ख्या मोसमात चेंडू निसटला फक्त एकदा. तोवर त्याने तिशी गाठली होती. अंगावर येणारे बचावपटू तेवढेच धिप्पाड होते आणि खेळ तेवढाच दांडगा. बदलली होती ती चेंडू धरण्याची रीत, आणि ती बदलली प्रशिक्षकांनी.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्या हाती चेंडू, त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रतिस्पर्ध्याने खेळाडूला खाली पाडलं, त्याचा गुडघा किंवा कोपर जमिनीला टेकलं, की तो प्रयत्न संपतो. पण त्याआधीच चेंडू हातातून सुटला तर तो ‘फंबल’. मग चेंडू कुणाचाच नसतो. जो झडप घालील त्याचा. मैदानाच्या एका टोकापासून घाम गाळत आणलेली चढाई एका क्षणात दुसऱ्या संघाच्या पदरात पडते.

चेंडूचा घाटही या धोक्यात भर घालतो. लांबी ११ ते सव्वाअकरा इंच, मधला घेर २१ ते सव्वाएकवीस इंच, वजन १४ ते १५ औंस, म्हणजे सुमारे ४०० ते ४२५ ग्रॅम. आकार दोन्ही टोकांना निमुळत्या असोल्या नारळासारखा. जमिनीवर पडला की तो कुठे उसळेल हे कुणालाच सांगता येत नाही. सुटलेला चेंडू आपल्याच माणसाला मिळेल की समोरच्याला, हा जवळजवळ नाणेफेकीचा मामला असतो. आकडेवारीचे अभ्यासक बरीच वर्षं हेच सांगत आले आहेत: सुटलेला चेंडू पटकावण्यात नशिबाचा वाटा मोठा, आणि म्हणून संघाने मेहनत घ्यायची ती मुळात चेंडू सुटू न देण्यावर.

२००४मध्ये टॉम कॉफलिन जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. सभेला पाच मिनिटं आधी न येणारा उशिरा आला असं मानणारा हा करडा माणूस. त्यांच्याबरोबर रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, खेळाडूंचे प्रशिक्षक म्हणून जेराल्ड इन्ग्राम आले. या दोघांनी बार्बरला जे शिकवलं ते अमेरिकेतल्या शाळकरी संघांतही सांगतात: चेंडू उंच आणि घट्ट. फरक इतकाच, की त्यांनी ते एका नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूला अगदी पहिल्या इयत्तेपासून पुन्हा गिरवायला लावलं.

ही पकड जवळून पाहण्यासारखी आहे. चेंडूच्या पुढच्या टोकावर पंजा येतो आणि बोटं फाकून ते टोक झाकून टाकतात. तळवा चेंडूला चिकटलेला. चेंडूची एक बाजू मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातावर टेकते, मागचं टोक कोपराच्या खोबणीत दंडाशी रुतून बसतं आणि उरलेली बाजू बरगड्यांवर दाबली जाते. पंजा, तळवा, हात, दंड, बरगड्या: प्रशिक्षक हे पाच दाब एकेक करून हात लावून तपासतात. एक जरी ढिला असला तरी चेंडूला बाहेर पडायला वाट मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनगट कोपराच्या वर राहिलं पाहिजे. चेंडू आडवा न राहता जवळजवळ उभा, छातीला लागून.

मनगट वर का? धावताना माणसाचे हात आपोआप पुढेमागे हलतात. चेंडू कमरेपाशी आडवा धरला असेल तर प्रत्येक पावलाला कोपर अंगापासून सुटतं, आणि चेंडूचं मागचं टोक पाठलाग करणाऱ्याला उघडं दिसतं. त्याने मागून एक ठोसा लगावला की चेंडू पुढे उडालाच. मनगट वर नेलं की कोपर बरगडीला टेकून राहतं आणि मागून येणाऱ्याला ठोसा मारायला जागाच उरत नाही. बार्बरचा हात नेमका पळताना खाली यायचा. वेगात, वळणावर, मोकळं मैदान दिसल्यावर. त्याला ही सवय मोडायला एक मोसम लागला: २००४मध्ये चेंडू ५ वेळा निसटला, २००५मध्ये एकदा, २००६मध्ये ३ वेळा. त्याच काळात त्याने वजनं उचलून ताकदही वाढवली होती, तिचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण ताकद पकडीला साथ देते. ढिल्या पकडीची भरपाई करत नाही.

चेंडू कोणत्या हातात धरायचा, यालाही नियम आहे. उजवीकडे धावायचं तर उजव्या हातात, डावीकडे तर डाव्या. म्हणजे नेहमी सीमारेषेच्या बाजूला. बचावपटू आणि चेंडू यांच्यामध्ये स्वतःचं शरीर येतं, आणि समजा सुटलाच, तरी तो रेषेबाहेर जाऊन आपल्याच संघाकडे राहण्याची शक्यता असते. हात बदलायचा तो मोकळ्या जागेत. घोळक्यात शिरताना बदलायला गेलं तर चेंडू क्षणभर कुठल्याच हातात नसतो. घोळक्यात दुसरा हातही चेंडूवर आणायचा, धावण्याचा वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

समोरचे काही हात जोडून उभे नसतात. पहिला बचावपटू धावणाऱ्याला मिठी मारून उभा धरतो, दुसरा थेट चेंडूवर तुटून पडतो, हा डावपेचही तेवढ्याच मेहनतीने घोटला जातो. शिकागो बेअर्सचा चार्ल्स टिलमन हा या विद्येतला उस्ताद. त्याचं टोपणनाव ‘पीनट’, म्हणून त्याच्या फटक्याला ‘पीनट पंच’ असंच नाव पडलं. एका हाताने धावणाऱ्याला धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या आवळलेल्या मुठीने चेंडूवर नेमका ठोसा हाणायचा. २०१२च्या मोसमात त्याने असे १० चेंडू पाडले, त्यातले ४ तर ४ नोव्हेंबरला टेनेसी टायटन्सविरुद्धच्या एकाच सामन्यात. आज कुठल्याही संघाच्या सरावात बचावपटू हा ठोसा गिरवताना दिसतात. त्यामुळे चेंडू सांभाळणाऱ्यांचं काम टिलमनच्या आधीच्या पिढीपेक्षा कठीण झालं आहे.

पकड ढिली होण्याचे क्षण बहुतेक ठरलेले असतात. पहिला, पडतानाचा. माणूस पडू लागला की हात आपसूक जमिनीकडे जातो आणि कोपर उघडतं. ती शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, म्हणून ती सरावानेच मोडावी लागते. चेंडू दोन्ही हातांनी कवटाळून खांद्यावर पडायचं, हात टेकायचा नाही, हे खेळाडूंकडून गादीवर पुन्हा पुन्हा करून घेतात. दुसरा क्षण मोहाचा. आणखी एक यार्ड मिळेल म्हणून खेळाडू अंग पिळवटून पुढे झेपावतो आणि तेवढ्यात तिसऱ्या कुणाचा तरी हात चेंडूवर पडतो.

१७ जानेवारी १९८८ रोजी डेन्व्हरमध्ये जे झालं ते क्लीव्हलंडचे लोक अजून विसरलेले नाहीत. क्लीव्हलंड ब्राउन्स ३१–३८ असे मागे होते, सामना संपायला मिनिटभर उरलं होतं आणि चेंडू घेऊन अर्नेस्ट बायनर गोलरेषेकडे निघाला होता. बरोबरी साधून देणारं टचडाउन त्या रेषेपलीकडे होतं, आणि सुपर बोल या अंतिम सामन्याची आशा त्याच्यावरच टिकून होती. रेषा दोन-तीन पावलांवर असताना डेन्व्हर ब्राँकोजच्या जेरेमाया कॅस्टिलने त्याला अडवण्याऐवजी सरळ चेंडूला हात घातला आणि तो काढून घेतला. डेन्व्हर जिंकलं, ३८–३३. त्या दिवशी बायनरने धावून आणि झेलून १८७ यार्ड मिळवले होते, दोन टचडाउन केले होते. क्लीव्हलंड इतकं जवळ पोचलं ते त्याच्याच बळावर. इतिहासात मात्र त्या सामन्याचं नाव ‘द फंबल’ एवढंच राहिलं. हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे. एका खेळाडूच्या माथी हार मारली की संघाला त्यातून काही शिकायचं उरत नाही. बायनर पुढे वॉशिंग्टनकडून खेळला, जानेवारी १९९२च्या सुपर बोलमध्ये त्याने टचडाउनही झेललं, आणि निवृत्तीनंतर अनेक वर्षं तो व्यावसायिक संघांतल्या रनिंग बॅक खेळाडूंचा प्रशिक्षक होता.

क्वार्टरबॅकचं दुखणं वेगळं. तो पास कुणाला द्यायचा हे शोधत उभा असतो, नजर दूर, आणि बचावपटू पाठीमागून येतो. म्हणून त्याला सांगतात: चेंडू फेकेपर्यंत दोन्ही हात चेंडूवर, छातीच्या उंचीवर. पण कधीकधी कुणाला हातही लावावा लागत नाही. फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स १४–७ असे पुढे असताना त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स धावायला निघाला, आणि कुणाचाही धक्का न लागता चेंडू त्याच्या हातून सुटला. कॅन्सस सिटी चीफ्सच्या निक बोल्टनने तो उचलून ३६ यार्डांवर टचडाउन केलं. हर्ट्सचा बाकी खेळ त्या रात्री अप्रतिम होता, धावून तीन टचडाउन आणि पासवर ३०४ यार्ड. सामना ईगल्सनी ३५–३८ असा गमावला.

चेंडू एका हातातून दुसऱ्याच्या हाती देतानाही हीच काळजी. घेणाऱ्याने आतल्या बाजूचं कोपर वर, दुसरा हात पोटाखाली असा खिसा करायचा आणि नजर समोर ठेवायची. चेंडू पोटात नीट बसवणं ही देणाऱ्याची जबाबदारी. १९ नोव्हेंबर १९७८ रोजी जायंट्स १७–१२ असे पुढे होते, सामना संपायला काही सेकंद होते, नुसता वेळ घालवायचा होता. तरी क्वार्टरबॅक जो पिसार्चिकला लॅरी झॉन्काच्या हाती चेंडू देण्याचा डाव खेळायला सांगितलं गेलं. देवघेव चुकली, चेंडू जमिनीवर उसळला, ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने तो उचलला आणि २६ यार्ड पळून सामना फिरवला. जायंट्सच्या आक्रमणाची सूत्रं सांभाळणाऱ्या बॉब गिब्सन यांची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. तेव्हापासून आघाडीवरच्या संघाने शेवटी क्वार्टरबॅकच्या मागे राखणीला माणसं ठेवायची आणि त्याने चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायचा, ही व्यवस्था रूढ झाली.

सरावाचे प्रकार पुष्कळ आहेत. ‘गॉन्टलेट’मध्ये दोन्ही बाजूंना सहकारी उभे राहतात आणि मधून धावणाऱ्याच्या चेंडूवर ठोसे मारतात, ओढतात. चेंडू बादलीत भिजवून सराव होतो, कारण पावसातला चेंडू कोरड्या चेंडूसारखा वागत नाही. काही शाळा-कॉलेजांत चेंडू घालवणाऱ्या मुलाला दिवसभर वर्गात, जेवणाच्या रांगेत चेंडू बगलेत घेऊन फिरायला लावतात, आणि तो पाडायची मुभा सगळ्या संघाला असते. १९९३च्या ‘द प्रोग्रॅम’ या चित्रपटात हा प्रसंग आला आहे. सिअ‍ॅटल सीहॉक्सचे प्रशिक्षक असताना पीट कॅरल यांनी आठवड्यातला गुरुवारच या कामाला दिला होता: आक्रमणाने चेंडू राखायचा, बचावाने हिसकावायचा.

या सगळ्यांत सर्वांत कामाचा प्रकार मात्र मैदानावरचा नाही. चांगले प्रशिक्षक सरावाचं चित्रीकरण थांबवून थांबवून पाहतात आणि चेंडू किती वेळा सुटला यापेक्षा तो किती वेळा ढिला धरला होता, हे मोजतात. मनगट खाली गेलेलं दिसलं की नोंद. भले त्या धावेत वीस यार्ड मिळाले असोत आणि चेंडू सुखरूप राहिला असो. फंबल कधीतरीच होतं, ढिली पकड रोज दिसते. रोज दिसणारी चूकच रोज सुधारता येते. मोसमाच्या शेवटी फंबलांचे आकडे पाहून हळहळणाऱ्या संघाने ही मोजणी केलेली नसते.

चुकलेल्याला बाकावर बसवण्याची शिक्षा सगळीकडे चालते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे बिल बेलिचिक त्यासाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांच्याकडे बेनजार्व्हस ग्रीन-एलिससारखा खेळाडूही होता, ज्याच्या हातून पेट्रियट्सकडच्या चार मोसमांत एकदाही चेंडू सुटला नाही. तरी नुसत्या शिक्षेने पकड सुधारत नाही. धास्तावलेला मुलगा चेंडूकडे पाहत पळतो, समोरचा माणूस त्याला दिसत नाही, आणि धक्का बसतो तो बेसावध असताना. बार्बरला कॉफलिन यांनी बाकावर बसवून ठेवलं असतं तर २००५चा मोसम झालाच नसता. त्यांनी त्याला जास्त वेळा चेंडू दिला, आणि प्रत्येक वेळी मनगटाकडे पाहिलं.

पुढच्या लेखांकात याच झटापटीची दुसरी बाजू: बचावपटूला डोकं न वापरता, खांद्याने गडी पाडायला कसं शिकवतात, आणि मेंदूच्या दुखापतींच्या काळजीने ते शिक्षण कसं बदललं.