स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा

स्वयंपाक आटोपला की डोके जड होते, डोळे मिटू लागतात, जीव घुसमटतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनी पुष्कळ असतात. कोणी ते पित्तावर ढकलते, कोणी उष्म्यावर. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासलेच पाहिजे; पण सोबत मी एक प्रश्न विचारतो : "स्वयंपाक करताना खिडकी उघडी असते का?" उत्तर बहुधा "नाही" असेच येते.

आपल्या खानदेशात त्याला कारणेही आहेत. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून झळांसाठी खिडक्या बंद. धुळ्यात थंडीत तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, म्हणून गारठ्यासाठी बंद. एरवी, वाऱ्याने गॅस विझतो म्हणून बंद!

गॅसला धूर नाही, म्हणजे त्याने हवा बिघडत नाही, असा आपला समज आहे. तो खरा नाही. एक किलो गॅस जळताना सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साईड तयार होतो, १४.२ किलोंच्या एका सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो. मोठा बर्नर तासभर पूर्ण आचेवर ठेवला, तर दहा-बारा माणसे तासाभरात उच्छ्वासातून सोडतील एवढा हा वायू खोलीत येतो.

बाहेरच्या मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सव्वाचारशेच्या आसपास भाग असतात. खोलीत ते हजारावर गेले की हवा कोंडली असे समजावे. कारखान्यांत आठ तासांच्या कामासाठी पाच हजारांची मर्यादा मानतात. दहा बाय दहाच्या खोलीत हवा अजिबात बदलत नसेल, तर एक मोठा बर्नर अर्ध्या-पाऊण तासात तेथवर पोहोचवतो.

एवढ्याने जिवाला धोका नसतो. सुस्ती येते, डोके दुखते. खरी काळजी सोबतच्या वायूंची. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साईड निघतो. दमेकरी मुलांना तो बाधतो. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर कार्बन मोनॉक्साईडची शंका घ्यावी. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे माणसे दगावतात, ती याच वायूने.

मग पुन्हा चुलीकडे वळायचे का? मुळीच नाही. चुलीचा धूर फुफ्फुसांना आणि डोळ्यांना याहून कितीतरी घातक. भरिताची वांगी काड्यांवर भाजायची किंवा खापरावर मांडे करायचे, तर ते अंगणात करावे.

घरी एवढे करा :

१) गॅस पेटवण्याआधी खिडकी उघडा, स्वयंपाकानंतरही पंधरा-वीस मिनिटे उघडी ठेवा. वारा थेट लागणार नाही अशा जागी शेगडी ठेवा.

२) एक्झॉस्ट पंखा उंचावर बसवा. बाहेरची हवा आत येण्यासाठी दाराची फट किंवा झरोका मोकळा हवा. जी चिमणी हवा गाळून पुन्हा घरातच सोडते, तिने हे वायू जात नाहीत.

३) भांड्यावर झाकण ठेवा, डाळ कुकरमध्ये शिजवा. गॅस कमी जळेल, पैसेही वाचतील.

४) ज्योत पिवळी दिसताच बर्नर साफ करून घ्या.

५) थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका.

घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली, तर अपचन समजून बसू नका. शक्य असल्यास गॅस बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि तातडीने दवाखाना गाठा.