आरारूटच्या पाकिटात खरंच आरारूट आहे का? तवकिराचे उपयोग आणि घ्यायची काळजी

जोगेश्वरी (मुंबई) : गेल्या महिन्यात बोरिवलीच्या एसटीने पहाटे जोगेश्वरीत उतरलो. बहिणीकडे जायचं होतं. घरात गडबड चाललेली. भाचीच्या पाच महिन्यांच्या बाळाला रात्रीपासून जुलाब सुरू होते. बहीण म्हणाली, "दादा, गावचं तवकीर संपलंय. खालच्या दुकानातून आरारूट आण, पातळ पेज करून पाजते."

वीस पावलांवर किराणा दुकान. पाकीट घेतलं. पुढे मोठ्या अक्षरात 'आरारूट' लिहिलेलं. सवयीने मागची बाजू वाचली, तर बारीक अक्षरात घटक लिहिले होते : मक्याचा स्टार्च. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "एकच असतं ओ ते."

एकच नसतं. आपल्या भागातले बरेच जण मुंबईत आहेत, गावातही आता पाकीटच येतं. म्हणून ही माहिती सगळ्यांसाठी.

तवकीर म्हणजे नक्की काय?

आपल्या कोकणात याला तवकीर म्हणतात, कुणी तवकील म्हणतं. एका कंदातून काढलेलं हे शुद्ध पीठसत्त्व, म्हणजे स्टार्च. हे नाव दोन वेगळ्या झाडांच्या पिठाला वापरलं जातं. पहिलं झाड हळदीच्या कुळातलं. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशच्या जंगलपट्ट्यात त्याला तिखूर म्हणतात, तिथले आदिवासी ते जंगलातून आणून विकतात. दुसरं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. खरं 'आरारूट' ते हेच. वेस्ट इंडीजमधलं सेंट व्हिन्सेंट बेट एके काळी याच पिकासाठी जगभर ओळखलं जायचं. आपल्या परसात, माडाच्या सावलीत जे लांबट पांढरे कंद लागतात ते बहुतेक या दुसऱ्या झाडाचे.

पावसाच्या तोंडावर कंदाचे तुकडे लावायचे. दहा-अकरा महिन्यांत पानं पिवळी पडून झाड आडवं झालं की काढायचं. कंद धुऊन, वरची सालपटं काढून किसायचा किंवा वाटायचा. भरपूर पाण्यात कालवून फडक्याने गाळायचा. पाणी तसंच ठेवलं की तळाला पांढरं सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून नवीन पाणी घालायचं. असं चार-पाच वेळा केलं की पीठ पांढरंशुभ्र होतं, मग उन्हात कडक वाळवायचं. आमच्या घरी दहा किलो कंदांतून जेमतेम दीड किलो निघतं, आणि त्यात दोन बायांचा सगळा दिवस जातो. म्हणूनच खरं तवकीर महाग असतं. अगदी स्वस्तात मिळालं तर समजून जावं.

ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, पाकिटाच्या मागचे घटक वाचा. मका किंवा टॅपिओका लिहिलं असेल तर ते आरारूट नव्हे. अन्न सुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का तेही बघा.

दुसरी गोष्ट घरी करता येते. एक चमचा पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळा. तवकीर शिजलं की काचेसारखं पारदर्शक, चकचकीत होतं. मक्याचं पीठ पांढरट, गढूळ राहतं. मात्र टॅपिओकाही पारदर्शकच होतो, त्यामुळे ती भेसळ या परीक्षेत पकडली जात नाही. तिची खात्री प्रयोगशाळेतच होते. खडूची शंका असेल तर वर लिंबू पिळा, फसफसलं तर खडू आहे.

आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं म्हणजे खरं, असं मोबाईलवर फिरतं. त्यावर विश्वास ठेवू नका. कुठलाही स्टार्च आयोडीनने निळा होतो, मक्याचाही.

उपवास करणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं. तवकीर कंदाचं, म्हणून उपवासाला चालतं. मका धान्य आहे. बरीच घरं नकळत मका खाऊन उपवास करताहेत.

स्वयंपाकात

• रस्सा किंवा सूप दाट करायला वाटीभर रश्शाला एक ते दोन छोटे चमचे पुरतात. आधी थंड पाण्यात कालवा, शेवटी घाला, दाट झालं की लगेच उतरवा. जास्त उकळलं की परत पातळ होतं. गरम रश्शात कोरडं टाकलं तर गाठी होतात.
• टोमॅटो, लिंबू अशा आंबट पदार्थांत हे मक्यापेक्षा चांगलं टिकतं. दुधात थोडं बुळबुळीत होतं. काहींना ते आवडतं, काहींना नाही.
• उपवासाच्या कचोरीला चार उकडलेल्या बटाट्यांत दोन मोठे चमचे घाला, पारी फुटत नाही.
• गव्हाने त्रास होणाऱ्यांनाही चालतं, कारण यात ग्लुटेन नसतं.

अंगाला लावायला

घाम टिपायला तवकीर चांगलं. घामोळ्यांवर कोरड्या अंगाला हलका हात फिरवा. केस तेलकट झाले आणि धुवायला वेळ नसेल तर मुळाशी चिमूटभर लावून दहा मिनिटांनी विंचरा. काखेत लावायला खोबरेल तेलात कालवतात. त्यात खायचा सोडा घातला तर काहींच्या कातडीची आग होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनेही २०२३ पासून टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची बेबी पावडर देणार असं २०२२ मध्ये जाहीर केलं होतं.

पण बाळाच्या अंगावर कुठलीही पावडर उडवू नका, ती श्वासातून फुप्फुसात जाते. लांब उभं राहून आपल्या हातावर घ्या आणि मग लावा. जखम किंवा चिरलेली कातडी असेल तर लावू नका. गजकर्णावर हे औषध नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

तवकिराने बाळ बाळसं धरतं असं आपण ऐकत आलोय. शंभर ग्रॅम आरारूटमध्ये सुमारे ८८ ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं अर्धा ग्रॅमही नाहीत. पोट भरतं, पोषण होत नाही. साखरेचा आजार असणाऱ्यांनीही जपूनच खावं. आजारी मोठ्या माणसाला पचायला हलकी पेज म्हणून ठीक आहे. वरचं खायला लागलेल्या मुलालाही अधूनमधून द्या, पण त्यासोबत डाळ, भाजी, अंडं हवंच.

त्या दिवशी पाकीट परत दिलं आणि आम्ही बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बहिणीने विचारलं, "गावचं खरं तवकीर असतं तर चाललं असतं ना?" डॉक्टर म्हणाले, "खरं असो की खोटं, सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध." ते थांबवायचं नाही, दर जुलाबानंतर सांगितल्याप्रमाणे ओआरएस आणि सोबत झिंक, एवढंच दिलं. पेजेने पोट भरलं की बाळ दूध कमी पितं आणि अंगातलं पाणी आणखी घटतं, हेही त्यांनी समजावलं. ओआरएस आणि झिंक आपल्या आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडेही मिळतं. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती उपायात एक तासही घालवू नका.

चार दिवसांत बाळ हसायला लागलं. निघताना बहिणीने यादी दिली, त्यात तवकीर होतंच. या वेळी कचोरीसाठी.