गांवठाणांतील स्वस्त घर

आमचा शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर पोसलेला आहे. परंतु तेंच पाणी २००५, २०१९ आणि २०२१ सालीं घराघरांत शिरलें. जुन्या गांवठाणांतील मातीच्या भिंती खचल्या, आणि गरिबांपुढें प्रश्न उभा राहिला: पिढ्यान्‌पिढ्यांची गल्ली सोडावी, कीं तेथेंच पुन्हां घर बांधावें? थोड्या पैशांत, जुन्या वस्तीस शोभेल व पाण्यासहि तोंड देईल असें घर होऊं शकेल काय, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

प्रथम जुन्या घराकडेच पाहूं. वस्तीच्या जागेला पांढरी व शेताला काळी म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढें सोपा, आंत माजघर, मागें परडें, अशी या घराची मांडणी असे. शेजारच्या भिंती एकमेकींस लागून असल्यानें जागा थोडी लागे. जाड भिंतींमुळें उन्हाळ्यांत गारवा राही. आणि सोप्यावर बसलेला मनुष्य साऱ्या गल्लीचा होई. दोष एकच: माती भिजली कीं तिचा जोर जातो.

तेव्हां मांडणी राखावी व माती बदलावी. पडक्या घराचा दगड वापरून जोतें शक्य तितकें उंच करावें. त्यावर पुराच्या खुणेपर्यंत भाजलेल्या विटांची भरीव भिंत घ्यावी. खुणेच्या वर मात्र एक काटकसरीची रीत आहे. १९१७ सालीं इंग्लंडांत जन्मलेले लॉरी बेकर कुष्ठरोग्यांसाठीं इमारती बांधण्यास भारतांत आले व पुढें केरळांत स्वस्त घरें बांधूं लागले. विटा कडेवर उभ्या रचून मध्यें पोकळी ठेवावयाची, ही रीत त्यांनीं तेथें लोकप्रिय केली. हिनें सुमारें चतुर्थांश विटा वांचतात आणि घरहि थंड राहतें. छपराचा उतार व वळचणीची उंची शेजाऱ्यासारखीच ठेवावी; आंत धान्यासाठीं माळा करावा.

२०१६ सालीं खेड्यांसाठीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत घराचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलें होतें. एवढ्या जागेंतहि लहानसा सोपा, एक खोली व स्वयंपाकघर बसतें. मात्र पाणी चढूं लागल्यावर वेळींच बाहेर पडणें कोणत्याहि घरांत चुकत नाहीं.

खडकावर घर बांधणाऱ्या सुज्ञ मनुष्याचा दृष्टांत आपण ऐकला आहे. नदीकांठीं खडक सर्वांस लाभत नाहीं. तेथें उंच जोतें हाच गरिबाचा खडक होय. विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या घराचें जोतें व पुराची खूण यांतील अंतर मोजून वडिलांस सांगावें. नव्या घराचा आराखडा तेथूनच सुरू होतो.